लाल पेटी, शाबूत कुलूप

१

दहा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली, आणि भुयारी स्टेशनाच्या दोन्ही तोंडांवरची पोलादी शटरं धडधडत खाली आली.

वीज असेपर्यंत ती वर राहायची आणि गेली की आपोआप पडायची. भुयारात पाणी शिरू नये म्हणून कुणा हुशार माणसाने ती तशी बनवली होती. आत माणसं असली तर काय, हा विचार बहुतेक त्याने दुसऱ्या कुणावर सोडला होता.

हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत मावशी तेव्हा तिसऱ्या फळीवरचा लाल डाग घासत होत्या. बावीस वर्षं त्या या खिडकीवर बसत होत्या. छत्र्या आणि डबे कुणीही विसरतं, पण या उपनगरातले लोक दातांची कवळी विसरायचे, लग्नपत्रिकांचा गठ्ठा विसरायचे. कोपऱ्यात एक लोखंडी कुबडी उभी होती. कुबडी विसरून तो माणूस घरी चालत कसा गेला, हे कोडं मावशींना अजून सुटलेलं नव्हतं. डाग मात्र घासून जाईना. अंधार झाला तसं त्यांनी फडकं टाकलं आणि कंदील लावला.

पलीकडे स्टेशनमास्तरांची केबिन होती. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे तिथे कुणी शिंकलं तरी इकडे कळायचं. आतला फोन बॅटरीवर चालायचा. साहेबांचा आवाज आला, "हो, हाताने उघडायची सोय नाही इथे. माणसं पाठवा. तीन तास? बरं."

मग साहेब किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांना हाक मारली. गाडी नुकतीच गेली होती, त्यामुळे सगळे म्हणजे पाचच जण: मावशी, किल्लीवाला, फुलवाली, चाकांच्या खुर्चीत बसलेली तिची सासू आणि सफाईवाल्या वहिनी.

"घाबरू नका. हँडलने शटर वर करता येतं," असं म्हणत साहेब भिंतीवरच्या लाल पेटीपाशी गेले. त्यांनी कुलूप काढलं आणि दार सताड उघडून भिंतीला टेकवलं. टॉर्चच्या उजेडात आत हँडल अडकवायचे दोन लोखंडी आकडे दिसले. आकड्यांवर काहीच नव्हतं.

"चोरी झालीय," साहेब म्हणाले. "सकाळी आठला मी स्वतः पाहिलं होतं. कुलूप शाबूत आहे, म्हणजे कुणीतरी किल्ली बनवली." आणि त्यांनी टॉर्चचा झोत हळूच फिरवून किल्लीवाल्याच्या तोंडावर धरला.

२

हे स्टेशन म्हणजे नुसतं गाडीत चढायचं ठिकाण नव्हतं. वरून आठपदरी महामार्ग गेला होता आणि त्याने वस्तीचे दोन तुकडे केले होते. बाजार अल्याड, दवाखाना पल्याड, शाळा अल्याड, मैदान पल्याड. रस्ता ओलांडायची हिंमत कुत्रीसुद्धा करत नसत. जो तो भुयारात उतरायचा आणि दुसऱ्या तोंडाने वर निघायचा. गाडीचं तोंडही न पाहता इथून रोज चार खेपा करणारे कितीतरी होते.

त्यातली एक ही आजी. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रावर धुवावं लागे. सून तिला खुर्चीतून ढकलत भुयारातून दवाखान्यात न्यायची. आजची पाळी साडेअकराची होती. मागची पाळी ताप आल्यामुळे चुकली होती. आता पाय सुजून चपलेत मावत नव्हते आणि दोन शब्दांमध्ये दम लागत होता.

"बारापर्यंत यंत्र धरून ठेवतात. मग दुसऱ्याला लावतात," फुलवाली म्हणाली. तिने हे तीन वेळा सांगितलं, तीनही वेळा वेगवेगळ्या माणसाला.

"अग्निशमनवाले?" वहिनींनी विचारलं.

"अख्ख्या उपनगराची वीज गेलीय. ठिकठिकाणी लिफ्टमध्ये माणसं अडकलीत. आपला नंबर तीन तासांनी," साहेब म्हणाले. "आणि बोगद्यातून चालत जायचं म्हणाल, तर पुढचं स्टेशन तीन किलोमीटरवर. ही खुर्ची रुळांवरून कोण नेणार?"

 साहेबांनी किल्लीवाल्याला रिकाम्या तिकीटघराच्या जाळीत बसवून बाहेरून कडी घातली होती, आणि त्याची हत्यारांची पेटी केबिनमध्ये नेऊन ठेवली होती. तो हडकुळा, चाळिशीचा माणूस होता. बारा वर्षं जिन्याखालच्या खोपटात बसून तो दोन्हीकडच्या घरांच्या किल्ल्या बनवत होता. वस्तीतलं असं दार क्वचितच असेल, ज्याची किल्ली त्याच्या हातून गेली नव्हती.

दवाखान्याकडच्या शटरच्या पलीकडे लोक जमले होते. पट्ट्यांच्या फटींतून आवाज येत होते. पोलाद इतकं गुळगुळीत, की बाहेरून धरून उचलायला काही जागाच नव्हती. बातमी मात्र फटीतूनही जाते. "किल्लीवाल्याने चोरलं म्हणे," कुणीतरी म्हणालं. "अरे देवा, माझ्या कपाटाची किल्ली त्यानेच केलीय," दुसरं कुणीतरी म्हणालं.

ते ऐकून किल्लीवाल्याने मान खाली घातली. मावशी जाळीपाशी गेल्या.

"खरं सांग. तुला दुसरं हँडल बनवता येईल?"

"अर्ध्या तासात," तो हळू आवाजात म्हणाला. "शटरच्या बाजूला चौकोनी खुंटी आहे. तिच्यावर घट्ट बसेल असं काहीही चालतं."

"मग बनव ना, बाबा."

"आणि बनवलं की साहेब काय म्हणतील? तेच बोलून गेलेत मघाशी. म्हणे, बनवायचं नाटक करशील आणि लपवलेलंच बाहेर काढशील. मावशी, न्हाव्याचा वस्तरा आणि किल्लीवाल्याचा हात, यांच्यावर एकदा संशय आला की संपलं. उद्यापासून माझ्याकडे कोण येईल? पोरींना काय खायला घालू?"

 समोर खुर्चीत आजीचा श्वास भात्यासारखा वरखाली होत होता, आणि तिला सोडवू शकणारा एकटा माणूस जाळीत होता. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

३

मावशींनी आधी वहिनींना गाठलं. वहिनी पायरीवर बसून पदराने वारा घेत होत्या.

"पेटीची काच कोण पुसतं?"

"मीच की. रोज. पण किल्ली माझ्याकडे नसते हं मावशी, माझ्यावर नको यायला. साहेब कधी कुणाच्या हातात देत नाहीत. मी बाहेरून पुसते, बास."

"हँडल शेवटचं कधी पाहिलंत?"

"कालच. लाल लाल, चकचकीत. मेल्या पोरांनी त्याच्या मुठीवर च्युइंगम चिकटवलं होतं. नखाने खरवडलं तेव्हा कुठे निघालं. बघा, नख तुटलं माझं."

मावशींनी तुटलेलं नख पाहिलं आणि मान हलवली.

फुलवालीला बोलायला जड जात होतं. तिचा सगळा जीव सासूच्या श्वासात होता. शिवाय परवाच टोपल्यांवरून तिचं साहेबांशी वाजलं होतं. आपल्यावरही शेकेल ही भीती तिला होतीच.

"मी पेटीच्या समोरच बसते. दिवसभर तेच दिसतं. कालही होतं, आज सकाळीही होतं. आठ वाजता साहेब आले, वहीत सही केली आणि गेले."

"कुलूप उघडून पाहिलं त्यांनी?"

"ते कशाला उघडतील? काचेतून दिसतंच की."

"त्यानंतर पेटीपाशी कोण गेलं?"

"कुणी नाही. शप्पथ. माझ्यासमोरून मांजर गेलं तरी मला कळतं."

म्हणजे आठला होतं, मध्ये कुणी आलं नाही, आणि साडेदहाला नाही. मावशी जाळीकडे वळल्या.

"तू शेवटचं कधी पाहिलंस?"

किल्लीवाला ओशाळला. "मी कधी पाहिलंच नाही. माझी पाठ असते ना तिकडे."

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत खिडकीवर हजार माणसं आली होती. माझीच छत्री, माझीच पिशवी, म्हणून छातीठोकपणे सांगणारी. त्यातून त्या एक शिकल्या होत्या. खोटं बोलणारा नेमकं वर्णन करतो, आणि खरा मालक नको तीच बारीक गोष्ट सांगून जातो. वहिनी खरं बोलत होत्या, फुलवाली खरं बोलत होती, आणि हा बिचारा तर स्वतःच्या तोट्याचं खरं बोलत होता. मग सगळी खरी माणसं मिळून खोटं कसं सांगतात?

त्यांना वहिनींचं नख आठवलं. कुलूपबंद पेटीतल्या हँडलच्या मुठीवरचं च्युइंगम. किल्ली नसलेल्या बाईने ते खरवडून काढलं होतं.

कंदील घेऊन त्या पेटीपाशी गेल्या. आतल्या तळावर धुळीचा थर होता, सारखा, अखंड, एकही ओरखडा नसलेला. दार अजून भिंतीला टेकलेलं होतं. मावशींनी ते हलकेच ओढलं आणि लावलं.

हँडल जागच्या जागी होतं.

४

लाल लाल, चकचकीत, खऱ्याच्या मापाचं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आणीबाणीत हँडल वापरा.' काचेवर बाहेरून चिकटवलेला कागद होता तो, वर पारदर्शक प्लास्टिकचा थर. काळ्या पार्श्वभूमीवर हँडलचं झोकदार चित्र होतं आणि मुठीवर नखाचा ओरखडा होता.

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. त्याही रोज येता-जाता हे पाहत होत्या, आणि आहे बाबा हँडल म्हणून निश्चिंत मनाने पुढे जात होत्या.

हा कागद कधी लागला? मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून सगळं स्टेशन रंगवलं होतं, तेव्हा. भिंती, कठडे, ही पेटी. पाच महिने झाले. पाच महिन्यांपूर्वीचा लाल रंग...

त्या जवळजवळ धावतच खोलीत शिरल्या. तिसऱ्या फळीवरचा डाग त्यांनी कंदील जवळ धरून पाहिला. पेटीचाच रंग. त्यांनी नोंदवही काढली आणि बोट फिरवत पाच महिने मागे गेल्या. नोंद त्यांच्याच अक्षरात होती: 'लोखंडी दांडा एक, दोन ठिकाणी वाकलेला, लाल रंग ओला. शेवटच्या डब्यात सापडला.' पुढच्या रकान्यात: 'नव्वद दिवसांत मालक आला नाही. भंगारात दिला.' खाली दोन सह्या होत्या, मावशींची आणि स्टेशनमास्तरांची.

रंगारी हँडल आपल्या जागेवर रंगवायला घेऊन गेला असणार, परत आणताना गाडीत विसरला असणार, आणि भीतीपोटी रिकाम्या पेटीला कुलूप घालून, रंगकामापुरती घेतलेली किल्ली साहेबांना परत देऊन मोकळा झाला असणार. हँडल मात्र इमानदारीने याच स्टेशनात परत आलं होतं. तीन महिने ते आपल्या पेटीपासून वीस पावलांवर पडून होतं. आणि मावशींनी त्याला नियमाप्रमाणे चिठ्ठी बांधली, नियमाप्रमाणे वाट पाहिली आणि नियमाप्रमाणे भंगारात काढलं.

 चोर शोधायला निघाल्या आणि माग स्वतःच्या फळीपाशी येऊन थांबला.

वही काखेत मारून त्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी नोंद वाचली. टॉर्चच्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"साहेब, एक विचारू? तुम्ही आधी फोनवर म्हणालात, हाताने उघडायची सोय नाही. पेटी त्यानंतर उघडलीत. रिकामी आहे हे आधीच कसं कळलं?"

 साहेब म्हणाले, "आठ दिवसांपूर्वी तेल लावायला उघडली होती. तेव्हा कळलं."

"आणि त्यानंतरही रोज 'आहे' म्हणून सही?"

"त्याआधी पाच महिन्यांच्या होत्या ना. दीडशे सह्या, मावशी. एक ठपका आधीच आहे माझ्या नावावर. गुपचूप नवं मागवणार होतो. आज वीज जाईल हे कुणाला ठाऊक होतं?" त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "कुलूप शाबूत, तेव्हा तोच असेल असं मला खरंच वाटलं होतं."

"असेल वाटलं. पण आजच चोरी झाली, हे तर वाटलं नव्हतं ना?"

साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "इथे तुमचीही सही आहे. दोन वर्षांनी पेन्शन लागेल तुम्हाला. अडीच तासांत माणसं येतील, शटर उघडेल, पुराव्याअभावी तोही सुटेल. कुणाचंच काही बिघडणार नाही."

मावशींनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या पेन्शनवर त्यांचं घर चालणार होतं, दुसरा कमावता नव्हता. एक क्षण त्यांना वही तिथेच सोडून जावंसं वाटलं, हे खोटं नाही.

तेवढ्यात बाहेरून लोखंडावर मुठी आपटल्याचा आवाज आला. किल्लीवाला जाळी बडवत होता.

५

खुर्चीतली आजी एका बाजूला कलली होती. फुलवाली तिचं डोकं धरून नुसती "आई, आई" करत होती.

"साहेब, माझी पेटी द्या," किल्लीवाला जाळीतून म्हणत होता. "मी बनवतो हँडल. मग मला चोर म्हणा, पोलिसांत द्या, काय हवं ते करा. म्हातारी जायला नको."

 शटरपलीकडे सगळे कान देऊन ऐकत होते.

मावशींनी साहेबांच्या हाताखालून वही ओढली आणि बाहेर आल्या. त्यांनी आधी जाळीची कडी काढली. मग शटरच्या फटीपाशी जाऊन, खिडकीवर रांगेला दम देतात त्या आवाजात त्या बोलल्या.

"ऐका रे सगळे. हँडल कुणी चोरलं नाही. ते पाच महिन्यांपूर्वी गाडीत हरवलं, माझ्या खोलीत आलं, आणि मीच भंगारात दिलं. मी ओळखलं नाही. पेटीच्या काचेवर त्याचं चित्र होतं, ते बघून आपण सगळे समाधानी होतो. याची पाठ होती तिकडे. चित्राला न फसलेला हा एकटाच."

बाहेर कुजबुज झाली. वहिनी आपल्या तुटक्या नखाकडे पाहत राहिल्या.

"काय हवंय तुला?" मावशींनी किल्लीवाल्याला विचारलं.

"जाड, पोकळ नळी. आडवी मूठ असलेली मिळाली तर सोनंच."

मावशी खोलीत गेल्या आणि ती लोखंडी कुबडी घेऊन आल्या. हाताची मूठ म्हणून तिला आडवी नळी होती. साहेब हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी उचलून आणत होते. ती त्यांनी किल्लीवाल्यासमोर ठेवली, आणि मान वर न करता टॉर्च धरून उभे राहिले.

किल्लीवाल्याने मुठीवरचं रबर कापून काढलं. आडव्या नळीचं तोंड शटरच्या चौकोनी खुंटीवर टेकवलं आणि चारही बाजूंनी हातोडी चालवायला सुरुवात केली. ठोक, फिरव, ठोक, कानस मार. वीस मिनिटं दुसरा आवाज नव्हता. नळी खुंटीवर घट्ट बसली तसं त्याने कुबडीचा लांब दांडा धरला आणि ओढला. काही झालं नाही. साहेबांनी टॉर्च वहिनींकडे दिला आणि दुसऱ्या बाजूने दांड्याला हात लावला. दोघांनी मिळून जोर केला, तेव्हा कुठे आत साखळी करकरली.

तळाशी उजेडाची एक रेघ आली. मग वीतभर. बाहेरच्यांनी खाली हात घातले, आणि शटर छातीपर्यंत आलं तसं दोन माणसांनी वाकून खुर्ची अलगद पलीकडे ओढली. चढावरून ती कितीतरी हातांनी वर गेली. दवाखान्याच्या दारात ती पोचली तेव्हा बाराला सात मिनिटं होती. हे फुलवालीने संध्याकाळी येऊन सांगितलं, तेही तीन वेळा.

पण ते नंतर. तेव्हा शटरपाशी साहेब धापा टाकत उभे होते आणि समोर पन्नास-साठ माणसं होती. कुणीतरी विचारलं, "मग चोरीचं काय ते?"

मावशी काही बोलणार, तोच साहेब म्हणाले, "चोरी झाली नाही. मी न बघता सह्या केल्या, आणि कळल्यावर खोट्या केल्या. आळ मी घेतला याच्यावर." एवढं बोलून ते केबिनकडे वळले, अहवाल लिहायला. त्यावर खाली मावशींनीही सही केली, या वेळी वाचून.

माणसं पांगली नाहीत. किल्लीवाला कुणाकडेच न बघता एकेक कानस पुसून पेटीत ठेवत होता. मघाशी कपाटाच्या किल्लीवरून बोललेला आवाज मावशींच्या ओळखीचा होता. पाठीला दप्तर लावून नातीला शाळेतून आणणारी ती बाई आता पुढे आली. तिने पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या खोपटाच्या फळीवर ठेवली.

"घराची आहे," ती म्हणाली. "दोन करून ठेव. घाई नाही, येताना नेईन."

किल्लीवाल्याने किल्ली उचलून बोटांत फिरवून पाहिली. मग तो खोपटात शिरला आणि नेहमीसारखा पेटीकडे पाठ करून बसला.